दोन महिन्यांचा जर्मनी प्रवास: ५८ किलो सामान नियमात बसते, पण आमच्याने उचलवत नाही

प्रश्न | निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

नमस्कार. मी आणि माझे यजमान ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आयुष्यात पहिल्यांदाच परदेशी निघत आहोत. मुलगी आणि जावई म्युनिकला असतात. त्यांच्याकडे दिवाळी करून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परतायचे आहे. विमान मुंबईहून दुबईमार्गे आहे आणि तिकिटावर प्रत्येकी २३ किलोची एक बॅग व हातात ७ किलोची एक पिशवी अशी मुभा आहे.

गेले पंधरा दिवस पुढच्या खोलीतल्या दिवाणावर सामानाचा ढीग वाढतो आहे. त्यात दोन डबल चादरी, सहा टर्किश टॉवेल, तीन किलो शेंगा चटणी, कडक भाकरीचा डबा, साजूक तूप, सुके खोबरे, आधीच करून ठेवलेले अनारसे, माझ्या बारा साड्या, यजमानांचे दोन जाड स्वेटर, पूजेचे साहित्य आणि शेजारच्यांनी त्यांच्या तिथल्या मुलासाठी कापडात शिवून दिलेले एक पार्सल आहे. काल सगळे वजन केले तेव्हा ५८ किलो भरले. म्हणजे नियमाप्रमाणे पाहिले तर दोन किलो अजून जागाच आहे, आणि घरातले सगळे मला तेच ऐकवत आहेत.

माझी अडचण वेगळी आहे. यजमानांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली असून त्यांना मधुमेह व रक्तदाब आहे, आणि मला स्वतःला २३ किलोची बॅग रेल्वेच्या डब्यात चढवता येणार नाही. जे आपल्याला स्वतः उचलता येत नाही ते नेऊ नये असे मला मनापासून वाटते, पण मुलीकडे रिकाम्या हाताने जाण्याची कल्पनाही सहन होत नाही. ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सांगावे की काय खरोखर लागते आणि कोणती तयारी आधी केली म्हणजे सामान कमी करण्याचा धीर येतो.

उत्तर | निवृत्त रेल्वे कर्मचारी, होटगी रोड

ताई, नमस्कार. आम्ही उभयता मुलाकडे दोनदा जर्मनीला जाऊन आलो आहोत, आणि पहिल्या खेपेला आमच्याकडे तुमच्यापेक्षाही जास्त सामान होते. मुंबईच्या विमानतळावर एक बॅग २६ किलो भरली, तेव्हा रांगेतल्या पन्नास माणसांदेखत फरशीवर बॅग उघडून आम्ही मेतकुटाच्या पुड्या आणि धोतरे बाहेर काढत बसलो होतो. त्या वेळी माझ्या पत्नीच्या डोळ्यांत आलेले पाणी मी विसरलेलो नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा मूळ विचार अगदी बरोबर आहे. २३ किलो ही विमान कंपनीची मर्यादा आहे. आपली मर्यादा आपण ठरवायची. साठीपुढच्या माणसाने मोठी बॅग १५ ते १६ किलोच्या वर जाऊ देऊ नये असे मी मानतो, कारण ती सोलापूर स्थानकाच्या पुलावरून, दादरच्या फलाटावरून आणि तिथल्या सामानाच्या फिरत्या पट्ट्यावरून आपल्यालाच उचलावी लागते. बॅग घेतानाही रिकाम्या बॅगेचे वजन पाहा. जुन्या कडक बॅगा रिकाम्याच पाच किलोच्या असतात, आणि त्याच मापाची हलकी बॅग अडीच-तीन किलोत मिळते. तेवढ्यात दोन किलो वाचले.

आता तयारीविषयी. आपण जास्त सामान नेतो ते बहुतेक वेळा भीतीपोटी, म्हणजे तिथे मिळाले नाही तर काय, या शंकेने. ती शंका निघून जाण्यासाठी मुलीशी एकदा तासभर फोनवर बसा आणि तुमची यादी तिला ओळीने वाचून दाखवा. घरात धुलाई यंत्र आहे का, जादा पांघरुणे आहेत का, छत्री, गरम पाण्याची पिशवी, प्रेशर कुकर आहे का, असे एकेक विचारत गेलात की निम्मी यादी त्या फोनवरच गळून पडेल. आमच्या दुसऱ्या खेपेला आम्ही हेच केले आणि दोघांत मिळून २७ किलो नेले.

कागदपत्रांत मात्र काटकसर करू नका. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा आणि शेंगेन देशांतून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून) परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने त्याची मुदत शिल्लक असावी. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी तरी तो द्यावाच लागतो. तेवढ्यावर कोणी विसंबू नये. व्हिसा हातात आला की त्यावरचे नाव, पासपोर्ट क्रमांक, किती दिवस राहता येईल आणि कोणत्या तारखांच्या दरम्यान, हे सगळे चष्मा लावून स्वतः वाचा. तिकिटावरचे नावही पासपोर्टप्रमाणेच हवे. लग्नाआधीचे नाव एका कागदावर आणि नंतरचे दुसऱ्यावर, हा प्रकार आपल्या पिढीतल्या स्त्रियांच्या बाबतीत फार होतो. विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे आणि सर्व शेंगेन देशांत लागू असणारे लागते. तो विमा घेताना आधीपासून असलेल्या आजारांविषयीचे कलम नीट वाचा, कारण पुष्कळशा पॉलिसींत मधुमेह किंवा रक्तदाबाशी संबंधित नेहमीचा खर्च मिळत नाही, फक्त जिवावरच्या प्रसंगीच मिळतो. यजमानांच्या गुडघ्यासाठी चाकांची खुर्ची विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी नोंदवून ठेवा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

आणि शेजारचे ते शिवलेले पार्सल. ताई, ते उघडून पाहिल्याशिवाय नेऊ नका. बॅग तुम्ही स्वतः भरली का, कोणी काही दिले का, असा प्रश्न विमानतळावर विचारला जातो आणि आत जे निघेल त्याला तुम्हीच जबाबदार असता. शेजाऱ्यांना वाईट वाटेल, पण त्यांच्यासमोरच उघडून पुन्हा शिवले तर वाटणार नाही.

उत्तर | औषध विक्रेता, सात रस्ता

बाई, मी तुमच्या शाळेचा विद्यार्थी असेन-नसेन, पण सोलापुरात शिक्षिकेला बाईच म्हणतात, म्हणून तसेच लिहितो. औषधांबद्दल तेवढे सांगतो, कारण परदेशी निघालेली माणसे माझ्या दुकानात शेवटच्या दिवशी येतात आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

संपूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी औषधे आणि वर दहा दिवसांची जादा, असा हिशेब धरा. जर्मनीत स्वतःच्या वापरासाठी साधारण तीन महिन्यांची औषधे नेता येतात, त्यामुळे तुमच्या दोन महिन्यांना अडचण नाही. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या आणि तीत कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाचे नाव, मात्रा आणि आजार लिहून मागा. आपल्याकडच्या गोळीचे नाव तिथल्या डॉक्टरला कळणार नाही, मेटफॉर्मिन किंवा ॲम्लोडिपिन म्हटले की लगेच कळेल. गोळ्या पाकिटातून काढून डब्यांत भरू नका; मूळ पट्ट्यांतच ठेवा. बाहेरची पुठ्ठ्याची खोकी काढली तरी चालतात, त्याने जागा वाचते.

सगळी औषधे हातातल्या पिशवीत हवीत, मोठ्या बॅगेत नव्हे. यजमान इन्सुलिन घेत असतील तर हे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेत ते गोठण्याची भीती असते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. सुयांसाठी डॉक्टरांचे पत्र सोबत ठेवा.

झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या तीव्र वेदनाशामक गोळ्या मात्र सहज म्हणून बॅगेत टाकू नका. अशा औषधांवर अनेक देशांत कडक नियंत्रण आहे, आणि तुम्ही दुबईमार्गे जात आहात, जिथले नियम आणखी कडक आहेत. खरोखर लागत असतील तर डॉक्टरांशी बोलून आधी परवानगीची चौकशी करावी. जर्मनीत प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून इथून ‘असू द्यावीत’ म्हणून पाच प्रकारची प्रतिजैविके नेण्याचाही आग्रह धरू नये.

उत्तर | यंत्रमागधारक कुटुंबातील गृहिणी, पूर्व भाग

काकू, आमच्या घरी दोन पिढ्या टॉवेलचे यंत्रमाग आहेत, त्यामुळे तुमच्या यादीतले सहा टर्किश टॉवेल वाचून मला आधी आनंद झाला आणि मग तुमच्या खांद्यांची काळजी वाटली. टॉवेलचे वजन जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. पाचशे जीएसएमचा, अडीच फूट रुंद आणि पाच फूट लांब टॉवेल साधारण साडेपाचशे ग्रॅम भरतो. असे सहा म्हणजे तीन किलोच्या वर. शिवाय जो टॉवेल पाणी भरपूर शोषतो तो वाळायलाही तेवढाच वेळ घेतो, आणि नोव्हेंबरात युरोपात ऊन नसते. तुम्ही दोघांसाठी दोन साधे सुती पंचे घ्या. त्याच मापाचा पंचा दोनशे ग्रॅमच्या आत बसतो, रात्री धुतला की सकाळी कोरडा असतो, आणि प्रवासात मानेला गुंडाळायला, पायांवर घ्यायलाही उपयोगी पडतो.

चादरीबाबत मात्र कोणी काही म्हणाले तरी माझे मत वेगळे आहे. दोन नकोत, पण एक न्याच. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली आपली चादर भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू आहे. ती तिथल्या दुकानात सहजासहजी मिळणार नाही, आणि मुलीला तिच्या बालपणीच्या अंथरुणाचा स्पर्श त्यातूनच मिळणार आहे. तूप, साबण, बिस्किटे तिथे विकत मिळतात, त्यांच्यासाठी वजन खर्च करण्यापेक्षा जी वस्तू फक्त इथूनच जाऊ शकते तिच्यासाठी करावे. चादर बॅगेच्या तळाशी सपाट घालून तिच्यातच बाकीचे कपडे गुंडाळले तर ती जागाही फारशी घेत नाही.

साड्या बारा नकोत. माझ्या सासूबाई नणंदेकडे गेल्या तेव्हा चार साड्या आणि तीन सलवार-कमीज नेले आणि दोन महिने सुरळीत गेले. साडीचा काठ पावसाळी रस्त्यावर ओला झाला की थंडी थेट घोट्यांना लागते, म्हणून बाहेर जाताना सलवार-कमीज आणि बंद बूट सोयीचे होतात. साडी घरी, पूजेला आणि दिवाळीला. साडीच्या आत परकराखाली अंगाला घट्ट बसणारी थर्मलची विजार घालावी आणि ब्लाउज लांब बाह्यांचे शिवून घ्यावेत. ऑक्टोबरात सोलापूरच्या दुकानांत थर्मल मिळणे अवघड जाते, कारण आपल्याकडे गरम कपड्यांचा माल डिसेंबरच्या तोंडावर येतो. पुण्यात कोणी नातेवाईक असेल तर आत्ताच सांगून ठेवा.

उत्तर | मूळचा नवी पेठेतला, सध्या जर्मनीत नोकरीस

काकू, नमस्कार. वरील सर्वांनी उत्तम लिहिले आहे, मी फक्त इथल्या बाजूचे सांगतो.

खाद्यपदार्थांचा नियम आधी स्पष्ट करतो, कारण इथे चुकीला वाव नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणून साजूक तूप, खवा, पनीर, दूध पावडर हे सगळे घरीच ठेवा, आणि खव्याचे पेढेही आणू नका. ताजी फळे, पालेभाज्या, कढीपत्ता यांना निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. हा नियम १४ डिसेंबर २०१९ पासून जवळजवळ सर्व ताज्या वनस्पतींना लागू आहे आणि केळी, अननस, नारळ, खजूर व ड्युरियन एवढीच फळे त्यातून वगळली आहेत. आपली शेंगा चटणी भाजलेल्या दाण्यांची, कोरडी असल्यामुळे तिला अडचण नाही, कडक भाकरीलाही नाही. चटणी मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत घाला. तिचे तेल सुटते आणि कपड्यांना वास लागला की तो जात नाही. तीन किलो मात्र फार होते. एक किलो आणा, तीही ताजी कुटलेली.

अनारशांविषयी मला खरी चिंता वाटली. अनारशाला खसखस लावतात, आणि खसखशीला संयुक्त अरब अमिरातीत बंदी आहे. तुमचे विमान दुबईला थांबणार आहे. बॅग तिथे तुमच्या हातात येणार नसली तरी हा धोका पत्करू नका. अनारशाचे पीठ आणा, तांदूळ आणि गुळाचेच ते असते, आणि इथे घरी तळा. खसखस वगळली तरी चवीत फार उणे पडत नाही.

सुके खोबरेही काढून ठेवा. त्यात तेल इतके असते की ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडते, आणि भारतातल्या विमानतळांवरच ते बॅगेतून काढायला लावतात. पूजेच्या साहित्यातला कापूर आणि काडेपेटी हेही ज्वलनशील म्हणून बॅगेत चालत नाहीत. मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक नेमकी उलट: ती मोठ्या बॅगेत अजिबात चालत नाही, हातातल्या पिशवीतच हवी, आणि १०० वॅट-तासांच्या आतली असावी. हातातल्या पिशवीत तेल, शाम्पू, लोणचे असे काहीही १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत नको.

थंडीबद्दल सांगायचे तर नोव्हेंबरच्या अखेरीस म्युनिकला तापमान शून्याच्या आसपास येते, पण घरे, दुकाने, आगगाड्या सगळीकडे आत उबदार असते. काकांचे जाड स्वेटर म्हणूनच निरुपयोगी ठरतात. आत गेले की घाम येतो आणि काढले की हातात ओझे. तीन पातळ थर ठेवा: आत थर्मल, त्यावर हलके लोकरीचे, आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट. ते जाकीट मुलीला इथेच मापाचे घेऊन ठेवायला सांगा.

इथे रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी पोहोचलात तर मुलीला आधी सांगा. बेकरीत, लहान दुकानांत अजूनही रोख पैसे लागतात, तेव्हा कार्डाबरोबर थोडे युरो सुट्या नोटांत ठेवा. मोबाइलचा दोन गोल पिनांचा आपला चार्जर इथल्या बोर्डात बसतो, तीन पिनांचा बसत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे एक तास मागे जातात आणि भारताशी असलेले अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जाते. काकांच्या गोळ्यांच्या वेळा त्याप्रमाणे जुळवून घ्याव्या लागतील. पहिल्या दिवशी सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले जाईल. ही नवी नोंदणी पद्धत १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. रांग लागली तर घाबरू नका.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण सर्वांनी आपुलकीने लिहिलेत, मी मनापासून आभारी आहे. काल मुलीशी फोनवर यादी वाचली. पांघरुणे, टॉवेल, कुकर, तूप, पूजेची समई सगळे तिच्याकडे आहे, आणि एवढी वर्षे मला ते माहीतच नव्हते. शेजारचे पार्सल त्यांच्यासमोर उघडले. त्यात खव्याची बर्फी आणि सुके खोबरे निघाले. त्यांनाही नियम ठाऊक नव्हते, आणि आता ते माझेच आभार मानत आहेत.

एक शंका उरली आहे. आमच्या विमानाची वेळ १४ तारखेला पहाटे ४ वाजून ३० मिनिटे अशी आहे. सिद्धेश्वर एक्सप्रेसने १३ तारखेला रात्री निघावे, की वंदे भारतने दिवसा?

उत्तर | निवृत्त रेल्वे कर्मचारी, होटगी रोड

ताई, बरे झाले विचारलेत. १३ तारखेच्या रात्री सिद्धेश्वरने निघालात तर ती १४ तारखेला सकाळी मुंबईत पोहोचेल, तोवर तुमचे विमान निघून गेलेले असेल. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, पण तिकिटावरची तारीख मध्यरात्री बदलते, आणि या एका गोष्टीमुळे विमान चुकलेली माणसे मी पाहिली आहेत. तुम्हाला १३ तारखेच्या रात्री, म्हणजे तिकिटाच्या हिशेबाने १४ तारीख लागल्यावर, साडेबारा-एकपर्यंत विमानतळावर पोहोचलेले असायला हवे.

वंदे भारत पहाटे सहाच्या सुमारास सोलापूरहून निघून दुपारी मुंबईत पोहोचते. ती आठवड्यातून सहाच दिवस धावते, तेव्हा १३ तारखेचा वार तपासा. तरीही तुमच्या जागी मी १२ तारखेच्या रात्रीची सिद्धेश्वर घेईन, दादरला उतरेन आणि दिवसभर एखाद्या नातेवाइकाकडे आराम करेन. गाडी दोन-चार तास उशिरा आली तरी अंगावर येत नाही, आणि यजमानांच्या गुडघ्याला दोन प्रवासांमध्ये विश्रांती मिळते. खालचे बर्थ मिळण्यासाठी आरक्षण करताना ज्येष्ठ नागरिकांचा पर्याय निवडा. विमानतळावर मोठ्या बॅगा त्या जमा करण्याच्या खिडकीवरच म्युनिकपर्यंत लावून मिळाल्या का, हे चिठ्ठीवर वाचून घ्या, म्हणजे दुबईला त्या शोधाव्या लागणार नाहीत.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

१२ तारखेच्या सिद्धेश्वरचे आरक्षण झाले, दोन्ही खालचे बर्थ मिळाले. अनारशाचे पीठ वेगळे बांधले आहे, औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत वरच्या कप्प्यात आहेत. आज सकाळी दोन्ही बॅगा पुन्हा काट्यावर ठेवल्या: माझी १४ किलो ६०० ग्रॅम, यजमानांची ११ किलो. माझी बॅग मी एकटीने जिना उतरवून फाटकापर्यंत नेली आणि परत वर आणली. चादर एक ठेवली आहे, मुलीच्या आवडीच्या मोरपंखी रंगाची.